दारावरचा डोळा

रत्नागिरीकडील जुन्या घरांना घंटा नव्हती. अंगणाच्या गडग्याला बेडें असे. तें सरकल्याचा आवाज झाला कीं कोणी आल्याची वर्दी घरांत पोंचे. आलेला मनुष्य अंगण ओलांडून पडवींत येई. ओळखीचा असला तर ओटीवरच्या झोपाळ्यावर बसे, अगदीं घरचा असला तर थेट माजघरांत जाई, आणि परका असला तर खालींच उभा राहून 'कोणी आहे का घरांत?' अशी हांक मारी. अंगण, पडवी, ओटी, माजघर अशा एकामागून एक पायऱ्या होत्या, आणि कोणीं कोणत्या पायरीपर्यंत यावयाचें हें न सांगतां ठरलेलें होतें. त्या रचनेंतच घराची राखण होती आणि घराची मर्यादाहि होती.

आज ती रचना बदलली आहे. मारुती मंदिर, नाचणें, कुवारबांव या भागांत सदनिकांचे मजले उभे राहिले. सदनिकेला अंगण नाहीं कीं ओटी नाहीं. बाहेरचें जग आणि माजघर यांच्यामध्यें दीड इंचाची फळी तेवढी उरली आहे. उलट वाडींतील जुन्या घराला ओटी आहे, पण ओटीवर बसणारें माणूस नाहीं. मुलें मुंबई-पुण्यास किंवा परदेशीं, आणि घरांत सत्तरी ओलांडलेलें जोडपें, किंवा एकटी आई. कित्येक घरें तर गणपति आणि मे महिना सोडला तर वर्षभर कुलुपांतच असतात. या दोन्ही प्रकारच्या घरांना हल्लीं एकाच वस्तूची शिफारस केली जाते. ती म्हणजे व्हिडिओ डोअरबेल, अर्थात् पाहणारी घंटा. दाराशीं कोणी आला कीं ती त्याचें चित्र टिपते, त्याचा आवाज ऐकते, आणि घरधनी बाजारांत असो वा दुबईस असो, त्याच्या खिशांतील फोनवर तें सर्व पोंचविते. ही घंटा घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यावयाची तर कोणती, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. न्यूयॉर्क शहरांतील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला कामावरून अवेळीं घरीं यावें लागे आणि पुष्कळदां घरांत एकटें राहावें लागे. तिनें आपल्या पतीच्या साहाय्यानें एक योजना आंखली व १९६६ मध्यें तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. पेटंट १९६९ च्या डिसेंबरांत मिळालें. दाराला निरनिराळ्या उंचीवर भोंकें, त्यांवरून वरखालीं सरकणारा कॅमेरा, आंतल्या खोलींत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्याशीं बोलण्याची सोय, आणि दुरूनच कुलूप काढण्याची कळ, असें तें यंत्र होतें. आजच्या घंटेचे बहुतेक सर्व अवयव त्यांत दिसतात. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. त्या परिचारिकेच्या दाराचें चित्र तिच्याच खोलींतील पडद्यावर उमटत होतें. २०१३ च्या सुमारास अमेरिकेंत जी घंटा निघाली, जिला पुढें 'रिंग' हें नांव मिळालें आणि जिची कंपनी २०१८ मध्यें ॲमेझॉननें विकत घेतली, तिनें तें चित्र इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रांकडे आणि तेथून मालकाच्या फोनकडे नेलें. दाराची बातमी घरांत येण्यापूर्वीं दुसऱ्याच्या घरून फिरून येऊं लागली. या घंटेचा सारा लाभ आणि सारा धोका या एका फेऱ्यांत सांठविलेला आहे.

दारावर पहारेकरी ठेवावयाचा असला तर शहाणा गृहस्थ त्याच्याविषयीं तीन गोष्टी विचारतो. तो जागा राहातो का? पाहिलेलें तो कोणाकोणास सांगतो? आणि त्याचा पगार कोण देतो? यंत्राच्या पहारेकऱ्यालाहि हेच तीन प्रश्न विचारले म्हणजे बाजारांतील नाना प्रकारांची निवड सोपी होते.

असे प्रकार मुख्यतः चार आहेत. पहिला, दाराच्या फळींत बसविलेला भिंगाचा साधा डोळा. त्याला वीज लागत नाहीं, तो बिघडत नाहीं, आणि तो कांहींच लक्षांत ठेवीत नाहीं. पण घरांत माणूस नसला तर त्याचा उपयोग नाहीं, आणि वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा डोळा त्या भिंगापर्यंत पोंचतोच असेंहि नाहीं. दुसरा प्रकार तारेचा व्हिडिओ डोअर फोन. बाहेर कॅमेरा, आंत भिंतीवर पडदा, आणि दोहोंमध्यें तार. गोदरेज, पॅनासॉनिक अशा कंपन्या असे संच विकतात. यांतील साध्या संचाला इंटरनेट लागत नाहीं. चित्र घराबाहेर जातच नाहीं. मात्र तारेसाठीं भिंत खोदावी लागते, आणि दूर असलेल्या मुलाला यांतून कांहीं दिसत नाहीं. तिसरा प्रकार वाय-फायवर चालणारी आणि चित्रें कंपनीच्या दूरच्या भांडारांत, म्हणजे क्लाउडमध्यें, ठेवणारी घंटा. चौथा प्रकार वाय-फायचाच, पण चित्रें घरांतल्या घरांत एका लहान कार्डावर किंवा आंत ठेवलेल्या पेटींत सांठविणारा. हिरो समूहाची क्यूबो, टीपी-लिंकची टॅपो वगैरे नांवें या शेवटच्या दोन प्रकारांच्या व्यवहारांत ऐकूं येतात. परंतु एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांत सांठवणीची रीत निराळी असूं शकते. म्हणून खोक्यावरच्या नांवापेक्षां चित्र कोठें सांठतें हें आधीं वाचावें.

आतां पहिला प्रश्न: पहारेकरी जागा राहातो का? रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत, वाऱ्यासह आडवा येतो. यंत्राच्या अंगावर आयपी या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. पहिला धुळीपासूनचें आणि दुसरा पाण्यापासूनचें संरक्षण सांगतो. दुसरा आंकडा ४ असेल तर शिंतोडे सोसतात, ५ असेल तर सर्व बाजूंनीं आलेली पाण्याची धारहि सोसते. कोंकणांत उघड्या दाराला पांचाहून कमी आंकडा पुरावयाचा नाहीं, आणि तरीहि वर एखादी पडवीची पाख असलेली बरी. दुसरी अडचण जांभ्याच्या भिंतींची. जाड चिऱ्यांतून वाय-फायच्या लहरी क्षीण होऊन बाहेर पडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षां भिंतींतून अधिक पार जातात; म्हणून जुन्या घरीं पहिल्या प्रकारच्या लहरींवर चालणारी घंटा घ्यावी आणि वाय-फायचें यंत्र दाराच्या जवळच्या खोलींत ठेवावें. तिसरी अडचण विजेची. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां शेजारच्या दापोली-मंडणगड तालुक्यांतील गांवें कित्येक दिवस अंधारांत होतीं. घंटेला स्वतःची बॅटरी असली तरी वाय-फाय बंद पडलें कीं मुंबईच्या मुलाच्या फोनवर कांहींच येत नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं काळजी सर्वांत अधिक, त्याच दिवशीं हा पहारेकरी मुका होतो. त्यावर उपाय म्हणून वाय-फायच्या यंत्रालाहि लहानसा बॅटरीचा आधार द्यावा. तोहि कांहीं तासांचाच, हें लक्षांत ठेवावें.

बॅटरीच्या घंटेची आणखी एक खोड आहे. वीज वांचविण्यासाठीं ती एरवीं झोपलेली असते. माणसाच्या अंगची उष्णता जाणवली कीं जागी होते. जागें होण्यास लागणाऱ्या क्षणांत घाईचा मनुष्य दारावरून निघून गेला तर त्याची पाठ तेवढी टिपली जाते. तारेनें वीज मिळणारी घंटा या बाबतींत सरस आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कोंकणांतील घराला पुढच्या दाराइतकेंच मागचें दारहि असतें. विहीर, न्हाणी, गोठा, पोफळीची बाग, सारें त्या बाजूला. पुढच्या दारावर डोळा बसवून मागील दाराला जुनी कडी ठेवली तर चोराला वाट दाखविल्यासारखेंच झालें. डोळा चोराला अडवीत नाहीं. तो फक्त सांगतो. अडविण्याचें काम अजून कुलूप, अडसर आणि शेजारी हेच करतात.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे: पाहिलेलें हा कोणास सांगतो? २०२३ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें रिंग कंपनीवर आरोप ठेवला कीं, तिनें आपल्या नोकरांना व कंत्राटदारांना ग्राहकांचीं खासगी चित्रें पाहण्याची मोकळीक ठेवली होती, आणि एका नोकरानें स्त्रियांच्या शयनगृहांतील व न्हाणीघरांतील कॅमेऱ्यांचीं हजारों चित्रें महिनोन् महिने पाहिलीं. हें प्रकरण ५८ लक्ष डॉलरांवर मिटलें. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२२ मध्यें, ॲमेझॉननें एका सिनेटराला लेखी कळविलें कीं, त्या वर्षांत अकरा वेळां पोलिसांना मालकाच्या संमतीवांचून, तातडीचें कारण मानून, चित्रें दिलीं गेलीं. त्याच २०२२ च्या नोव्हेंबरांत 'युफी' या घंटेविषयीं असें उघडकीस आलें कीं, सर्व कांहीं घरांतच राहातें असें सांगितलें जात असतां दाराशीं आलेल्यांच्या चेहऱ्यांचीं लहान चित्रें दूरच्या भांडारांत जात होतीं. म्हणजे क्लाउडची घंटा काय किंवा कार्डाची घंटा काय, केवळ खोक्यावरच्या वचनावर विसंबून भागत नाहीं.

आणि परका मनुष्य नेहमीं कंपनीच्या दारानेंच येतो असेंहि नाहीं. २०१६ मध्यें 'मिराई' नांवाच्या दुष्ट प्रणालीनें जगांतील लाखों कॅमेरे व तत्सम यंत्रें ताब्यांत घेतलीं. त्यासाठीं तिनें कांहीं मोठें कुलूप फोडलें नाहीं. कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द मालकांनीं बदललाच नव्हता. ती तोच वापरून आंत शिरली. २०१९ च्या अखेरीस परक्या माणसांनीं कॅमेऱ्यांतून घरांतील मुलांशीं बोलल्याचे प्रकार अमेरिकेंत घडले, तेव्हां रिंगनें २०२० च्या आरंभीं दुहेरी ओळख सक्तीची केली. हिंदुस्थानांत सरकारनें एप्रिल २०२४ मध्यें सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम काढले आणि पुढील वर्षापासून त्यांची चाचणी आवश्यक केली. घेतांना या चाचणीची चौकशी करणें हा ग्राहकाचा हक्क आहे.

तिसरा प्रश्न पगाराचा. घंटेची किंमत एकदां देऊन व्यवहार संपत नाहीं. कांहीं कंपन्यांच्या घंटांना मासिक वर्गणी असते, आणि ती न भरल्यास त्या क्षणीं दिसलें तेवढेंच; मागचें कांहीं पाहतां येत नाहीं. रिंगचा नियम असाच आहे. वर्गणीवर जगणारा पहारेकरी वर्गणी थांबतांच स्मरणशक्ति गमावतो. म्हणून पहिल्या वर्षाची नव्हे, पांच वर्षांची किंमत मांडावी.

येथें रत्नागिरीकरांना आपल्याच गांवींचें एक उदाहरण आठवावें. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत करून १८८६ मध्यें रत्नागिरीस आणण्यांत आलें. त्याच्यासाठीं समुद्राकडे तोंड करून राजवाडा बांधला, तो १९१० मध्यें पुरा झाला. आणि राजा १९१६ मध्यें येथेंच वारला. वाड्याला पहारा होता, देखरेखीला पोलीस अधिकारी होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो राजाचाच पहारा वाटला असेल. परंतु पहारेकरी राजाचे नोकर नव्हते. ते सरकारचे होते. पहारा असणें आणि पहारा आपला असणें यांतील अंतर समजण्यासाठीं त्या वाड्याकडे एकदां पाहिलें तरी पुरे.

आतांपर्यंतचा विचार घरमालकाचा झाला. परंतु या डोळ्यासमोर मालकापेक्षां इतरच माणसें अधिक वेळ असतात. समोरच्या सदनिकेचें दार, शेजारच्या ओटीवर वाळवण घालणारी बाई, दूधवाला, कोळीण, धुणेंभांडी करणारी मावशी, या सर्वांचीं येणींजाणीं टिपलीं जातात, आणि त्यांना कोणीं विचारलेलें नसतें. या देशाच्या कायद्याला ही जाणीव जुनी आहे. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यांत, म्हणजे ईझमेंट ॲक्टांत, रूढीनें मिळणाऱ्या हक्कांचें उदाहरण देतांना असें म्हटलें आहे कीं, ज्या गांवीं तशी रूढि असेल त्या गांवीं शेजाऱ्याच्या एकांताचा भंग होईल अशी नवी खिडकी कोणालाहि पाडतां येत नाहीं. गुजरातेंतील अशी रूढि मुंबईच्या हायकोर्टानें मान्य केलेली होती. दारावरची घंटा ही एक नवी खिडकीच आहे. ती बोटभर आहे आणि कधीं मिटत नाहीं, इतकेंच.

पुढें १९६२ मध्यें खडकसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, पोलिसांनीं रात्रीं-अपरात्रीं संशयिताच्या घरीं जाऊन दार ठोठावण्याचा नियम रद्द केला, पण घरावर बाहेरून गुप्त पाळत ठेवण्यास हरकत घेतली नाहीं. एकांत हा मूलभूत हक्क नाहीं, असें बहुमताचें म्हणणें पडलें. तें म्हणणें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें मोडीत काढलें, आणि खासगीपण हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. तथापि २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, एखादी व्यक्ति स्वतःच्या घरगुती कारणासाठीं माहिती वापरीत असेल तर तिला लागू होत नाहीं. म्हणजे कंपनीवर बंधन येतें; दारावर घंटा लावणाऱ्या गृहस्थावर त्या कायद्याचें बंधन येत नाहीं. विलायतेंत निराळी स्थिति आहे. ऑक्टोबर २०२१ मध्यें ऑक्सफर्ड येथील न्यायालयानें एका गृहस्थाला शेजारणीच्या बाबतींत दोषी धरलें, आणि घंटेच्या चित्रापेक्षां दूरवरचें बोलणें ऐकणाऱ्या तिच्या कानावर अधिक कडक टीका केली. आपल्याकडेहि, एकाच घरांतील निवासी भागांत सहवासी कुटुंबाच्या संमतीवांचून लावलेले कॅमेरे कलकत्ता उच्च न्यायालयानें २०२५ मध्यें अयोग्य ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयांत हात घातला नाहीं. पण शेजाऱ्याशीं कोर्टांत भेटण्याची वेळ येऊं देणें हीच मुळांत हार आहे. जेथें कायदा बोलत नाहीं तेथें रीतभात बोलली पाहिजे.

पुराव्याविषयींहि एक गैरसमज आहे. चित्र मिळालें म्हणजे चोर सांपडला, असें पुष्कळांना वाटतें. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद असाच चित्रफितींवर उभा होता. त्यांत सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२० मध्यें स्पष्ट केलें कीं, मूळ यंत्र न्यायालयांत हजर केलें नाहीं तर त्यावरील नकलेसोबत कायद्यानें सांगितलेला दाखला हवाच. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमांतहि ही अट कायम आहे. म्हणून चोरी झाल्यास चित्र फोनवरून गांवभर पाठविण्यापूर्वीं मूळ कार्ड जसेंच्या तसें जपून पोलिसांना दाखवावें. गांवभर गेलेलें चित्र पुष्कळदां निरपराध माणसाची बदनामी करून मोकळें होतें.

शेवटीं ज्या घरासाठीं ही वस्तु बहुधा घेतली जाते त्या घराकडे वळावें. समजा, आई रत्नागिरीस एकटी आहे आणि मुलगा पुण्यास आहे. मुलगा मोठ्या मायेनें घंटा बसवून जातो. त्याच दिवसापासून आई देवळांत किती वाजतां गेली, शेजारच्या काकू किती वेळ बसल्या, डॉक्टर आले कीं नाहीं, हें त्याला पुण्यांत दिसूं लागतें. संध्याकाळीं फोनवर तो विचारतो, 'आई, आज बाहेर पडली नाहींस तीं?' प्रश्न मायेचा आहे; पण ज्या बाईनें चाळीस वर्षें आपल्या घराचा कारभार स्वतः पाहिला तिला, दार उघडतांना आपण कोणाला तरी दिसत आहों, ही जाणीव सुखाची नसते. ती कदाचित् काकूंना मागच्या दारानें बोलावूं लागेल. तिची राखण करावयास निघालेल्या यंत्रानें तिच्याकडून तिचीच ओटी काढून घेतली, असें होऊं नये. शिवाय म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारा आजचा चोर पुष्कळदां दाराशीं येतच नाहीं. तो फोनवर पोलिसाचा वेष घालून बसतो आणि 'डिजिटल अटक' झाल्याचें सांगून तासन् तास धमकावतो. कायद्यांत अशी अटकच नाहीं, हें आईला आधीं सांगून ठेवणें कोणत्याहि घंटेपेक्षां अधिक मोलाचें आहे.

मग निवाडा काय करावा? घरांत सदैव माणूस असेल तर तारेचा, इंटरनेटावांचून चालणारा संच सर्वांत समाधानाचा. एकट्या वृद्धासाठीं किंवा बंद घरासाठीं वाय-फायची घंटा उपयोगी आहे, पण चित्रें आंतल्या पेटींत सांठविणारी घ्यावी. कार्ड घंटेंतच असेल तर चोर घंटेसकट तें नेऊं शकतो. परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, दुहेरी ओळख चालू करावी, ध्वनि टिपणें बंद ठेवावें, शेजाऱ्याचें दार चित्रांतून वगळण्याची सोय असल्यास ती वापरावी, आणि जुनीं चित्रें आठवड्यानें पुसलीं जातील असें करावें. घंटा बसविण्यापूर्वीं समोरच्या बिऱ्हाडाला बोलावून चित्रांत काय दिसतें तें दाखवावें; कामाला येणाऱ्या मावशींनाहि सांगावें. आणि आई एकटी असेल तर घंटा केव्हां चालू असावी, कोणीं पाहावी, हें तिनेंच ठरवावें. फोनच्या सूचना पहिल्यानें तिच्या हातीं, मग मुलाच्या.

कोंकणांत वाडीवाडीला राखणदार मानण्याची चाल आहे. रात्रीं तो फेरी घालतो असें म्हणतात. पण सकाळीं कोणाच्या घरांत काय पाहिलें हें तो कधीं कोणास सांगत नाहीं. दारावर जो नवा राखणदार बसवावयाचा त्याच्याकडूनहि निदान एवढ्या सभ्यतेची अपेक्षा करण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे.